धुऱ्यावरची वाट

हरभरा घाट्यावर आला आणि रानडुकरं वावरात उतरली. एक-दोन नाही, पुरा कळप. ज्योत्स्ना सकाळी वावरात गेली तर तासंच्या तासं, ओळीच्या ओळी उपटून पडलेली, घाटे चघळून थुंकलेले आणि ओल्या मातीत खुरांचा नुसता चिखल. राजूनं मचाण बांधलं, रात्र रात्र डबडं वाजवलं, फटाके फोडले. डुकरंही काही कमी नाहीत. फटाका वाजला की नाल्यात जायची, आणि राजूचा डोळा लागला की परत यायची. थोड्याच दिवसांत माणूस निम्मा झाला. डोळे लाल, दाढी वाढलेली, बोलायला गेलं की अंगावर येणार. पारावर कुणीतरी म्हणालं, राजूनं यंदा हरभरा डुकरांनाच बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिला म्हणे. सारे हसले. राजूही हसला, पण घरी येऊन जेवणाचं ताट त्यानं सरकवून दिलं.

मग एक दिवस तो मालेगावच्या बाजारातून तारेचं भेंडोळं घेऊन आला.

हे कशासाठी, असं ज्योत्स्नाला विचारावं लागलं नाही. गुडघ्याएवढे बांबूचे खुंट ठोकायचे, त्यावर बारीक तार ओढायची आणि तिचं टोक खांबावरच्या लाईनीवर आकडा टाकून जोडायचं. डुकराचं नाक लागलं की डुक्कर जागेवर आडवं. आणि माणसाचा पाय लागला की माणूस. तार काही पाहून चावत नाही. ज्योत्स्नाच्या माहेराकडची एक बाई अशीच पहाटे भाजी खुडायला गेली होती, तिला उचलून आणायला गेलेला दीरही मग तिथंच पडला.

"झटका मशीन दुरुस्तीले पडलं हाय," राजू म्हणाला. त्या मशीनचा धक्का डुकराला नुसता पळवायचा, मारायचा नाही. "तोवर हेच. सांजच्याले आकडा टाकतो, उजाडायच्या आत काढतो."

"आनं वाटेवरचे लोकं?"

"राती वाटेवर कोन फिरते?"

आता त्या वाटेचं सांगावं लागेल, कारण सारं दुखणं तिथंच होतं. किन्हीराजाच्या अलीकडचं हे गाव, आणि गावातून निघून नाल्याकाठानं वावरांकडं आणि पुढं तांड्याकडं जाणारी ही पांदण. पावसाळ्यात तिच्यात बैल पोटापर्यंत रुतायचे. नाल्याच्या वळणावर तर इतका गाळ की बायका चपला हातात घेऊन, लुगडी मांडीपर्यंत खोचून, एकमेकींना धरून पार व्हायच्या आणि तिकडं गेल्यावर पाय धुवायला पाणी शोधायच्या. त्या वळणाला लागूनच राजूच्या बापाचं, रामरावचं वावर.

अशाच एका पावसाळ्यात अमीनाबीचा शफीक तापानं फणफणला. अमीनाबी म्हणजे गावातली शेळ्यावाली, नवरा मागंच गेलेला, आणि तेव्हा ती तांड्यापलीकडच्या एका मळ्यात राखणीला राहायची. गाडी येणार कुठून? रामरावनं पोर खांद्यावर टाकलं आणि छातीएवढ्या पाण्याचिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. पोर वाचलं. रामराव मात्र पाऊस उघडल्यावर कुदळ घेऊन गेला आणि स्वतःच्या वावराचा धुरा फोडायला लागला.

धुरा म्हणजे बांध. इथं वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढून म्हातारे झालेत. आणि या माणसानं कुणी न मागता धुरा आत ओढून घेतला, नाल्यातले सपाट दगड वाहून आणून वळणावर पायऱ्या लावल्या आणि वावराच्या कडेनं लोकांना कोरडी वाट दिली. दरवर्षी पावसाळ्यानंतर दगड हलले की तो ते बसवायचा, बाभळीचे काटे झोडून काढायचा, मुरूम टाकायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, येता-जाता दोन काटे बाजूला केले, त्यात काय एवढं. ना पाटी लावली, ना ग्रामसभेत कधी शब्द काढला. मागच्या साली दिवाळीच्या आधी तो गेला. तिरडीपुढं चालणाऱ्यांतले कितीतरी त्याच दगडांवरून आले होते, पण हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नसेल. चांगल्या वाटेकडं कोण पाहतं?

राजूच्या मनात ती वाट कुसळासारखी सलायची. बापानं चांगलं दोन ओळींचं रान लोकांच्या पायाखाली घातलं, असं तो म्हणायचा. बाप गेल्यावर धुरा पुन्हा बाहेर टाकायचं त्याच्या डोक्यात आलंही होतं, पण रोजची एवढी माणसं जाताना पाहून तोंड उघडायला लाज वाटली. आणि आता तर डुकरंही त्याच पायऱ्यांनी वर यायची. माणसाला सोपी ती वाट डुकरालाही सोपी. म्हणून तार ओढताना राजूनं ती त्या दगडांवरूनही आडवी नेली; तेवढा तुकडा तो रोज उजाडायच्या आत आकड्याबरोबर गुंडाळून ठेवायचा.

ज्योत्स्नाची झोप गेली. उजाडायच्या आत ती उठून बसायची आणि चुलीपाशी बसून दाराकडं कान द्यायची. राजूच्या चपला वाजल्या की पहिला प्रश्न, काढला? काढला. मग तिच्या हाताला भाकरीचं पीठ लागायचं. एखाद्या दिवशी तो यायला उशीर करायचा तेव्हा तव्यावरची भाकर जळायची आणि तिला वासही यायचा नाही. पोर, पल्लवी, विचारायची, माय, तू कोणाची वाट पाहून राह्यली? ज्योत्स्ना म्हणायची, तुह्या बापाची. ते काही खोटं नव्हतं.

पहिल्यांदा तारेखाली ससा सापडला. राजूनं तो घरी आणला, ज्योत्स्नानं चुलीवर चढवू दिला नाही. मग एक कोल्हा. मग शेजारच्या वावरातल्या दौलतसिंगचा कुत्रा. तांड्यातला हा दौलतसिंग साधा माणूस, कुत्र्यावर जीव लावलेला. राजूनं कुत्रा गुपचूप नाल्यात पुरला. पुढं कितीतरी दिवस दौलतसिंग धुऱ्यावर उभा राहून शीळ घालायचा, हाक मारायचा, आणि ज्योत्स्नाला पाहिलं की विचारायचा, वहिनी, मोत्या दिसला काय? ज्योत्स्ना मान खाली घालून हरभऱ्यातलं तण उपटत राहायची. हरभऱ्याच्या पाल्याची आंब लागून तिची बोटं फाटली होती, आणि नाही म्हणताना तिची जीभही तशीच फाटल्यासारखी व्हायची. डुक्कर मात्र एकही मेलं नव्हतं.

एकदा तिनं राजूला हात जोडून सांगितलं. तो वैतागला. साऱ्या शिवारात लोकं हेच करून राह्यले, मलाच काहून शिकवतेस, म्हणाला. त्याच्या डोळ्यांत झोप इतकी साचली होती की तो बसल्या बसल्याच कलंडला. तिला त्याची कीवही आली. हेच तर अवघड असतं, ज्याच्यावर चिडायचं त्याचीच कीव यावी.

शेतीची लाईन एक आठवडा रात्री असते, एक आठवडा दिवसा. तो रात्रीचा आठवडा होता. एके सकाळी राजू मचाणावरून थेट घरी आला आणि झटका मशीन आणायला मालेगावला निघाला. तो दारातच गाडीला किक मारत होता तेव्हा ज्योत्स्नानं विचारलं, काढला?

"लाईनच नाही रातीपासून. मेल्या तारेचा काय आकडा काढायचा? आल्यावर काढतो."

ज्योत्स्नाला ते पटलं. हीच चूक झाली. आज आठवडा पालटला, आजपासून पहाटेपासून दिवसभर लाईन, आणि रातचा बिघाड निघाला की ती कधीही येणार, हे त्याच्याही ध्यानात नव्हतं आणि तिच्याही.

ती वावरात गेली, वरच्या अंगाला डुकरांनी उलटवलेलं गोळा करायला लागली. दव अजून वाळलं नव्हतं. लुगड्याचा काठ ओला होऊन पोटऱ्यांना चिकटत होता. उन्हं जरा वर आली आणि दौलतसिंगच्या विहिरीवरची मोटर घरघरली. ती ऑटोवर असायची, लाईन आली की आपोआप सुरू व्हायची. पाइपातून हवा फुसफुसली, मग त्याच्या गव्हावर फवारे उडायला लागले. बरं झालं, लाईन आली, असं ज्योत्स्नाच्या मनात आलं.

आणि तिचे हात थांबले.

ती धावली. उपटलेल्या ढेकळांतून, हरभरा तुडवत, पडत, उठत. वळणाकडून घुंगरांचा आवाज येत होता. अमीनाबी शेळ्या घेऊन खालून पायऱ्या चढत होती, रोजच्यासारखी, एका हातात बाभळीचा फोक, दुसरा हात गुडघ्यावर. सगळ्यात पुढं तिची काळी गाभण शेळी. ज्योत्स्नानं हाक मारायला तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा निघाली. शेळीनं पुढचा पाय वरच्या दगडावर टाकला. एक बारीक चरचर झाली. शेळी ओरडलीसुद्धा नाही. ताठ झाली आणि तारेवरच पडली.

"या अल्ला," म्हणत अमीनाबी तिला ओढायला वाकली.

ज्योत्स्नाच्या हाती जे आलं ते तिनं फेकलं. मोठं ओलं ढेकूळ होतं. ते अमीनाबीच्या छातीवर बसलं आणि म्हातारी दोन दगड खाली चिखलात मागं आपटली. तेव्हा कुठं ज्योत्स्नाला आवाज फुटला, "चाची, हात नका लावू! तारीत लाईन हाय!"

मचाणावर प्लास्टिकखाली कोरडा बांबू ठेवलेला होता. तो घेऊन तिनं आकडा पाडला. दोनदा नेम चुकला. खांबावर ठिणगी उडाली, आणि मग ती मातीत बसली.

अमीनाबी उठली. अंगभर चिखल, कोपर सोललेलं. तिनं तारेकडं पाहिलं, खुंटांकडं पाहिलं, खांबाकडं पाहिलं. मग शेळीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. आतलं पिल्लू थोडा वेळ हलत होतं, ते तिला हाताला लागत होतं.

"राजूनं?" तिनं विचारलं.

ज्योत्स्नानं होकाराची मान हलवली.

"शेळीले पान लागलं म्हनून सांगीन मी," अमीनाबी म्हणाली. "साप होता. तू बी तेच सांगजो. रामरावभाऊच्या पोराचं नाव माह्या तोंडातून निघनार नाही, बेटी. माह्या शफीकले ज्या माणसानं खांद्यावर नेलं, त्याच्या घरावर मी पोलीस कसे धाडू?"

ज्योत्स्नाला आधी हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. सुटलो, असंच मनात आलं. पण दगडांवरची तार गोळा करून हरभऱ्यात दडवताना ते हायसं वाटणं सरलं, आणि घरी जाताना ती त्या दगडांवरून न उतरता बाजूच्या चिखलातून उतरली.

गावानं साप खरा धरला. दोन दिवस लोक काठ्या घेऊन पांदणीत फिरले, झुडपं झोडपली, बिळं बुजवली. किन्हीराजाला पंक्चरचं दुकान चालवणारा शफीक आला, त्यानं पुरायच्या आधी शेळीचा पाय उलटून पाहिला. भाजलेला पाय सापाचा नसतो हे काय त्याला कळलं नसेल? त्यानं आईकडं पाहिलं. आईनं नजर वळवली. तो फावडं घेऊन माती ओढायला लागला.

राजू त्या संध्याकाळी ज्योत्स्नाकडून ऐकताच अमीनाबीच्या घरी जाऊन तिच्या पायाशी बसून आला. तिनं त्याला चहा पाजला म्हणे. परत आला तो हलका होऊन आला, भाकर मागून घेतली, पल्लवीला मांडीवर घेतलं. चाची देवमाणूस हाय, म्हणाला. ज्योत्स्ना त्याच्या हलकेपणाकडं पाहत राहिली आणि तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. तार त्यानं गुंडाळून मचाणाखाली ठेवली होती. फेकली नव्हती.

डुकरं चार-सहा रोज आली नाहीत, मग आली ती उरलेल्यातला अर्धा हरभरा घेऊन गेली. मशीन काही दुरुस्त झालं नव्हतं. त्या दुपारी राजू खुंट तासायला बसला. अंगणात कुऱ्हाडीचा आवाज होत होता, छिलके उडत होते, आणि तो आपला सांगत होता की या वेळेला चुकायचं नाही, मोबाइलवर गजरच लावून ठेवतो, कोणाला काही होत नाही.

ज्योत्स्ना घागर ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"चाचीनं तोंड शिवून घेतलं ते तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "मामंजी मरून गेले, पन त्यायनं जे करून ठेवलं ते तुमी अजून खाऊन राह्यले. आता त्याच्यावर माणूस बी मारान काय?"

"तोंड सांभाळून बोल."

"लावा तुमी तार. मी अडवत नाही. पन उद्या सकायी, लाईन चालू असताना, त्या दगडायवरून पहिली मी येईन. मंग बाकीचे."

पागल झाली काय, असं म्हणून राजूनं कुऱ्हाड पुन्हा उचलली. संध्याकाळी तो भेंडोळं खांद्यावर टाकून गेला. दिवसाची लाईन आठवड्याभराची, पण ती पहाटेच सुरू व्हायची आणि डुकरंही पहाटेच यायची. त्याला वाटलं, बायकोचं बोलणं, रात्रीत विरून जाईल.

पहाटे ज्योत्स्नानं पल्लवीच्या अंगावर गोधडी सारखी केली आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. पोरीच्या तोंडाचा वास घेतला. शेजारच्या जाऊबाईला पल्लवीपाशी येऊन आतून कडी लावून घ्यायला सांगितलं. आपण कशाला निघालो, असं तिला शंभरदा वाटलं. पाय दारातून निघेनात. पण न जावं तर आज ना उद्या त्या दगडावर कोणीतरी पडणार होतं, आणि तेव्हाही गाव म्हणणार होतं, साप असन.

धुकं इतकं दाट होतं की पांदणीच्या दोन्ही कडा दिसत नव्हत्या. ती एकटीच जाणार होती, पण मागून घुंगरं वाजली. अमीनाबी आज लवकर निघाली होती, आणि तिच्याबरोबर तुरी सोंगायला निघालेली मंजुषा आणि आणखी दोघी-तिघी, विळे कमरेला खोचलेल्या. मंजुषाचं पोर याच वाटेनं शाळेला जायचं. ज्योत्स्नानं पाय उचलला. त्यांच्या आधी पोचायला हवं होतं.

वळणावर आली आणि तिला ऐकू आलं. दौलतसिंगची मोटर चालू होती.

तिनं पहिल्या दगडावर पाय ठेवला. दवानं दगड ओला होता. दुसरा दगड. तार कुठं आहे ते धुक्यात दिसत नव्हतं, ती कुणालाच दिसली नसती. परत फिर, फिर, असं कुणीतरी आतून ओरडत होतं. तिनं पदर दातांत धरला आणि वरच्या दगडावर पाय टाकला.

नडगीला तार लागली. थंडगार, ओली, नुसती तार.

ज्योत्स्ना तिथंच खाली बसली. वर, खांबाच्या बुडाशी राजू उभा होता. हातात बांबू, पायात चपला नाहीत, पँट मांडीपर्यंत भिजलेली. आकडा त्याच्या पायाशी पडलेला.

"तुह्या जोडव्याचा आवाज आला दगडावर," तो म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "मले वाटलं तू येत नाहीस. मी मचाणावरून उडीच टाकली, ज्योत्स्ने. आत्ता, आत्ता काढला."

बायका तोवर पायऱ्यांपाशी आल्या. अशी का बसलीस, काय झालं, मंजुषानं विचारलं आणि चढायला पाय पुढं केला. अमीनाबी मागून घाईघाईनं म्हणाली की काही नाही, पाय घसरला असन.

"घसरला नाही," ज्योत्स्ना म्हणाली. ती उठून उभी राहिली आणि तार हातानं वर धरून सगळ्यांना दाखवली. "ही तार आमची हाय. चाचीची शेळी याच्यानंच मेली. दौलतसिंगचा कुत्रा बी. साप नव्हता."

मंजुषानं पाय मागं घेतला. तिनं तारेकडं पाहिलं, मग राजूकडं. ती वळली आणि आल्या वाटेनं गावाकडं चालायला लागली, पोलीस पाटलाच्या घराकडंच, हे सगळ्यांना कळलं. बाकीच्या थोड्या घुटमळल्या आणि तिच्या मागं गेल्या. धुक्यात त्या लगेच दिसेनाशा झाल्या, विळ्यांचा आवाज तेवढा थोडा वेळ आला. राजूनं त्यांना थांबवलं नाही.

अमीनाबी खालच्या दगडावर उभी होती. शेळ्या तिच्या पायांत घोटाळत होत्या, वर यायला बघत नव्हत्या. तिनं एकदा गावाकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं.

"उभा काय राह्यला, राजू," ती म्हणाली. "मले हे दगड आता चढवत नाहीत. हात दे."

राजूनं बांबू खाली टाकला, तार ओढून बाजूला केली आणि वाकून हात पुढं केला. तिला त्यानं वर घेतलं, मग खाली उतरून एकेक शेळी उचलून वर सोडायला लागला.